डेव्हिडला सल्ला देणं आता पुरे

गेल्या रविवारी भाची बेळगावात टिळकवाडीला आमच्या घरी आली होती. खोबरं खवत बसली होती आणि तोंडाने इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. कान दिला तर कुणा डेव्हिडची कहाणी. डेव्हिड युनिव्हर्सिटी सोडायला निघाला होता, हिने त्याला 'पॅशन फॉलो कर' म्हणून सांगितलं, आणि आता त्याची स्वतःची कंपनी आहे.

"डेव्हिड कोण गं?"

"कोण नाही मावशी. पाठ करायचाय."

दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजची ही करामत. 'आयईएलटीएस स्पीकिंगमध्ये 8 बँड हमखास.' म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या त्या इंग्रजी परीक्षेत बोलण्याला नऊपैकी आठ. हाच मेसेज मला खानापूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून आणि शेजारच्या काकूंकडूनही आला, म्हणजे अर्धा जिल्हा डेव्हिडला सल्ला देत बसलाय. त्यात 'तुम्ही कुणाला तरी सल्ला दिलात तो प्रसंग सांगा' या विषयाचं तयार उत्तर आहे आणि वर सहा नियम: उत्तर शब्दन् शब्द पाठ करा, ब्रिटिश ॲक्सेंट काढा, परीक्षकाने मध्येच थांबवलं तर गुण गेले, निदान पाच इडियम (वाक्प्रचार) घाला, गावठी नावं-गावं टाळा, सल्लाही 'मोठा' हवा.

एरवी मी असले मेसेज न वाचता पुसते. पण पोरीला नर्स म्हणून ब्रिटनला जायचंय आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात 7 बँड लागतात. परीक्षेची फी सतरा हजारांच्या पुढे. इथे गंमत परवडत नाही.

आधी त्या तयार उत्तराचं पहिलंच वाक्य बघा: 'आय हॅव गिव्हन मेनी ॲडव्हायसेस'. अहो, इंग्रजीत ॲडव्हाइसचं अनेकवचनच होत नाही! आपण मराठीत सल्ले देतो, तेही ढिगाने, म्हणून आपल्याला ते खटकत नाही. 'सम ॲडव्हाइस' म्हणा, नाहीतर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. शिवाय नामाच्या शेवटी उच्चार 'स' आणि क्रियापदाच्या 'झ', स्पेलिंगही वेगळं. मेसेजवाल्याने दोन्हीकडे एकच स्पेलिंग ठोकलंय. पुढे 'आय सजेस्टेड हिम टू फॉलो' आहे, तेही चूक. आठ बँडच्या उत्तरात पहिल्या तीन ओळींत तीन चुका, आणि त्या पाठ करायच्या!

आता पाठांतर. बोलण्याचे गुण कसे देतात याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलाय, कुणालाही फुकट वाचता येतो. दाजींनी वाचला नाही, मी वाचला. चार गोष्टींना सारखेच गुण: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. गोष्ट किती थोर होती याला रकानाच नाही. आणि 'पाठ केलेली वाक्यं' हे शब्द त्या तक्त्यात येतात ते कुठे? खालच्या बँडांत. उदाहरणार्थ व्याकरणाच्या 3 बँडच्या रकान्यात: चुका पुष्कळ, फक्त पाठ केल्यासारख्या वाटणाऱ्या वाक्यांत नाहीत. आमच्या मेसेजवाल्याला तेवढंही साधलेलं नाही.

बरं, पाठ केलं तरी निभतं कुठे? बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. विषयाचं कार्ड हातात आलं की तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. त्यानंतर चार-पाच मिनिटं त्याच विषयावर समोरासमोर चर्चा: सल्ला मित्राचा ऐकावा की आईवडिलांचा, असलं काहीतरी. मी खोबऱ्याची वाटी बाजूला सरकवली आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, "डेव्हिडच्या आईला तुझा सल्ला पटला का?" पोरगी गप्प. डेव्हिडला आई आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

विषय पुन्हापुन्हा येतात हे मात्र खरं, हे कबूल करते. म्हणून विषयावर विचार करून ठेवा, चार शब्द जमवा. त्याला पाठांतर म्हणत नाहीत.

ॲक्सेंटचं थोडक्यात. तक्त्यात अगदी 9 बँडलाही एवढंच म्हटलंय की ॲक्सेंटमुळे समजण्यात अडथळा येत नाही. बेळगावचा हेल चालतो. कन्नड-मराठी मिसळलेल्या जिभेवर उसनं लंडन चढवलं की मात्र काहीच समजत नाही, भाचीचा 'वॉटर' ऐकून मला तो 'वडा' वाटला.

थांबवलं तर गुण गेले? दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतोच, ते त्याचं कामच आहे. इडियमबद्दल अर्धं खरं आहे, वरच्या बँडना त्यांचा उल्लेख आहे. पण जागेवर बसणारा एक पुरे. पाच कोंबले की लग्नाच्या पंगतीत श्रीखंडावर रस्सा ओतल्यासारखं होतं.

राहिला 'मोठा' सल्ला. मी तिला विचारलं, अलीकडे कुणाला काय सांगितलंस? म्हणाली, निपाणीच्या आत्याला. आत्या विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर. मानेच्या दुखण्याने रात्री झोप नाही. हिने सांगितलं, भिंतीला टेकून बस, सूप पाटावर ठेव म्हणजे मान वाकणार नाही, अर्ध्या तासाने ऊठ.

"मग हेच बोल की!"

सुरुवात झाली आणि पहिल्याच वाक्यात 'शी कीप्स अ सूप ऑन हर लॅप'. दोघी हसून बेजार. परीक्षकाला वाटायचं म्हातारी भाजली. मग तिने स्वतःच सावरलं: 'अ फ्लॅट बांबू ट्रे'. शब्द सापडला नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगता येणं, याला त्या तक्त्यात गुण आहेत, हे तिला नंतर दाखवलं.

"आत्याने ऐकलं का?" मी परीक्षक होऊन विचारलं.

"नाही. पाट म्हणे पायाला रुततो. मग उशी दिली, ती नातवाने पळवली." हे सगळं इंग्रजीत, अडखळत, पण न थांबता. मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट पन्नास सेकंद. डेव्हिड चाळीस सेकंदांत संपत होता.