मावशीनं तीन दिवस इन्सुलिन बंद ठेवलं

‘निसर्ग कधी चुकत नाही. माणसानं बनवलेली प्रत्येक वस्तू शरीराला परकी, म्हणून विष. निसर्गात विष नाही, कचरा नाही. धान्य-फळं त्यानं दिली तशीच खा. कृत्रिम इन्सुलिन बंद करा, शरीर आपोआप सावरेल.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मीही वाचून सोडून देत होते. पण मावशीनं तो मनावर घेतला आणि तीन दिवस इन्सुलिन घेतलंच नाही. चौथ्या दिवशी तोंडाला कोरड, तासातासाला लघवी, साखर चारशेच्या वर. आता गप्प बसणार नाही.

तेव्हा आधी इन्सुलिन. मावशीला टाइप 1 मधुमेह आहे. त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि त्या मारते शरीराचीच प्रतिकारशक्ती. निसर्ग चुकत नाही म्हणे! ‘आपोआप सावरेल’ याची परीक्षा तर कधीच होऊन गेलीय. इन्सुलिन मिळायच्या आधी हा आजार झालेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, तरी बहुतेक मुलं वर्षा-दोन वर्षांत दगावत.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोला 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. ते होतं गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजे मेसेजवाल्यांच्या भाषेत अस्सल नैसर्गिक. त्यानं विशेष गुण आला नाही, उलट ॲलर्जी उठली. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी प्रयोगशाळेत तो अर्क शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा साखर उतरली. तो मुलगा आणखी 13 वर्षं जगला.

आणि ‘परकं’ म्हणजे काय तेही बघू. माणसाच्या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यातलं एक वेगळं, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, 1982 पासून वापरात आलेलं मानवी इन्सुलिन मात्र 51 च्या 51 जुळतं. (हल्लीच्या काही प्रकारांत मुद्दाम थोडा बदल करतात, लवकर किंवा सावकाश काम करावं म्हणून.) मग मावशीच्या शरीराला जास्त परकं कुठलं? गोठ्यातून आलेलं, की कारखान्यातून आलेलं?

‘निसर्गात विष नाही’ यावर फार लिहावंसं वाटत नाही. एरंडाच्या बीत रायसिन असतं. दमट धान्यावरच्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिननं यकृताचा कर्करोग होतो. ही विषं कुणी कारखान्यात घडवलेली नाहीत.

‘कचरा नाही’? सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागलेला ऑक्सिजन हा सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंनी टाकलेला कचराच होता, आणि त्या काळच्या बऱ्याच जिवांना तो घातक होता. ‘धान्य त्यानं दिलं तसं खा’ म्हणणाऱ्यांनी मक्याचा पूर्वज बघावा. टिओसिंटे नावाचं ते गवत, कणसाला पाच ते बारा टणक दाणे. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी सुमारे 9,000 वर्षांपूर्वी त्यातून निवडत निवडत मका घडवायला घेतला. आजचा मका माणसानं पेरल्याशिवाय टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. माणसानं बनवलेल्या वस्तूंचा पसारा भयंकर वाढलाय. 2020 च्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काँक्रीट, विटा, डांबर, धातू वगैरेंचं वजन सगळ्या सजीवांच्या कोरड्या वजनाच्या तीन टक्के होतं. 2020 च्या आसपास ते सजीवांच्या बरोबरीला येऊन पुढं चाललं होतं. एकट्या प्लॅस्टिकचंच वजन जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांच्या सुमारे दुप्पट. मावशीची सिरिंजही त्यातच जाते आणि तिची विल्हेवाट हा खरा प्रश्न आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं त्याबद्दल लिहिलं असतं तर मीच तो पुढं पाठवला असता. पण त्यानं हात घातला तो आजारी माणसाच्या औषधाला.

मेसेजच्या शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ असं होतं. मावशीनं खरंच पाठवला होता. काल संध्याकाळी आम्ही दोघी फोन घेऊन बसलो आणि त्या दहाही जणांना लावला. तिची एक मैत्रीण इन्सुलिनवर आहे. तिनं त्या सकाळचा डोस टाळला होता.