चौतीस डिग्री

आमच्या अण्णांच्या मते आंघोळीचं पाणी दोनच प्रकारचं असतं : कढत आणि वाया गेलेलं. बादलीतून वाफ दिसली पाहिजे, पहिल्या तांब्याला तोंडातून "हाऽऽ" निघालं पाहिजे आणि बाहेर आल्यावर पाठ लाल झालेली पाहिजे. त्यात त्यांचा दोष नाही. आयुष्य संगमेश्वर तालुक्यात गेलं. तुरळ आणि आरवलीला हायवेच्या कडेलाच गंधकाच्या वासाचं गरम पाणी जमिनीतून येतं, आणि एस.टी.तून उतरून त्यात डुबकी मारून पुढच्या गाडीने घरी जाता येतं. असा माणूस ऐन जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, ॲडलेडला आमच्याकडे आला आणि आल्या दिवसापासून हीटरला पाठ लावून बसला.

बायकोने एकदा फोनवर फोटो दाखवला. निळंशार पाणी, भोवती ताडाची बनं, पाण्यातून हलकी वाफ. "अण्णा, इथेही आहेत गरम पाण्याचे झरे. मातारंका म्हणतात त्या गावाला."

"लांब आहे का?"

"एकच सरळ रस्ता आहे," मी म्हणालो.

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. स्टुअर्ट हायवे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध खालून वर जातो, वळायचा प्रश्नच येत नाही. फक्त मातारंका ॲडलेडपासून अडीच हजार किलोमीटरच्याही पुढे आहे. शाळेला सुट्टी होती, अण्णांना वाळवंट दाखवायचंच होतं, आणि हॉटेलांचा हिशेब बघून बायको म्हणाली, "कॅराव्हॅन भाड्याने घेऊ. पैसे वाचतील." ते वाचलेले पैसे आम्ही डिझेलच्या पंपांवर टप्प्याटप्प्याने भरत गेलो.

नॉर्दर्न टेरिटरीत ह्या रस्त्यावर 130 ची मुभा आहे. आम्ही गाडीच्या मागे ते चाकांवरचं घर जोडून 90 ने चाललो होतो. समोरून रोड ट्रेन येते. एका ट्रकमागे तीन-चार ट्रेलर, लांबी 53.5 मीटरपर्यंत. ती शेजारून गेली की वाऱ्याचा आधी एक धक्का बसतो, मग कॅराव्हॅन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झोकांडी खाते आणि गाडीत सगळे एकदम गप्प होतात. अण्णा तेवढ्यात रामरक्षा सुरू करत. एक पूर्ण व्हायच्या आत दुसरी रोड ट्रेन येई, म्हणून त्यांनी ती कुठेही न थांबवता सलगच ठेवली.

ॲलिस स्प्रिंग्जला रात्री पारा शून्याच्या खाली गेला. सकाळी नळाची रबरी पाईप आतून गोठलेली. गावाच्या नावातच झरे म्हटल्यावर अण्णा पंचा खांद्यावर टाकून तयार. त्यांना सांगावं लागलं की इथे झरा नाहीच. 1871 साली तारखात्याच्या माणसांना नदीच्या पात्रात एक डबकं दिसलं, त्यांना तो झरा वाटला, आणि साहेबाच्या बायकोचं नाव देऊन मोकळे झाले. नदीसुद्धा कोरडी. इतकी कोरडी की दरवर्षी तिच्या वाळूत होड्यांची शर्यत लागते, बिनबुडाच्या होड्या, आत उभं राहून त्या कमरेशी धरून पळायचं. 1993 साली ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा ह्या देशाबद्दल आपुलकीने बोलले : "म्हणजे सरकारी कामं इथेही अशीच होतात."

मातारंकाला पोचेपर्यंत हवा तीस डिग्रीवर गेली होती. ज्या थंडीसाठी गरम पाणी शोधत निघालो, ती मागे कुठेतरी टेनंट क्रीकच्या आसपास उतरून गेली. पण आंघोळीच्या आधी अजून एक विधी बाकी होता. कॅराव्हॅन जागेवर लावणे.

ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅराव्हॅन मागे घेताना तिचं बूड डावीकडे हवं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. जरा जास्त फिरवलं की ती गाडीला काटकोन करून उभी राहते आणि मग पुन्हा पुढे. हे करत असताना आजूबाजूचे ग्रे नोमॅड, म्हणजे घरदार सोडून वर्षभर कॅराव्हॅनमधून हिंडणारे पेन्शनर, आपापल्या घडीच्या खुर्च्या तुमच्या दिशेला वळवतात आणि बिअरचा कॅन उघडतात. तिथे टीव्हीला रेंज नसते. बायको मागे उभी राहून "इकडे, इकडे" करत होती. आरशात ती दिसत नव्हती. अण्णा दुसऱ्या बाजूने "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणत होते, अगदी आमच्या स्टँडवरच्या कंडक्टरच्या सुरात, फक्त शेवटचं "बस" ते विसरले. नळाचा खांब वाकला नाही, एवढंच. शेवटी एक सत्तरीचे गृहस्थ उठले, माझ्या हातातून चावी घेतली, एका झटक्यात कॅराव्हॅन लावली आणि परत जाऊन बसले. प्रेक्षकांत थोडी नाराजी पसरली.

आणि मग पाणी.

इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी चुनखडीच्या थरांतून जमिनीखालून लांबचा प्रवास करून वर येतं, आणि येतं ते 34 डिग्रीला. रोज तीन कोटी लिटर. अण्णांनी अंगठा बुडवला. मग पाऊल. मग माझ्याकडे बघितलं. तीस डिग्रीची हवा, चौतीस डिग्रीचं पाणी.

"गीझर बंद पडला की आपल्याकडे असंच येतं," ते म्हणाले.

डोक्यावर ताडाच्या शेंड्यांत हजारो लाल वटवाघळं लटकलेली. त्यांचा वास असा की आरवलीचा गंधक अत्तर वाटावा. अण्णांनी साबण काढला तर बायकोने पाटी दाखवली. साबण नाही, शाम्पू नाही. "मग इतकी माणसं ह्यात करतायत काय?" हा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला, पण इतक्या खणखणीत आवाजात की पाण्यातले दोघे-तिघे जण वळून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बिटर स्प्रिंग्जला गेलो. तिथे प्रवाह आहे. फोमची एक लांब नळी काखेत धरायची, तिला नूडल म्हणतात, आणि अंग सोडून द्यायचं, पाणी आपोआप पुढे नेतं. काही मिनिटांनी पूल लागतो, शिडी येते, चढायचं, चालत मागे यायचं, पुन्हा सुरुवात. काठाच्या झुडपांतून कोळ्यांची मोठमोठी जाळी बरोबर डोक्याच्या उंचीवर. प्रवेशाशीच मगरींची पाटी, जिचा मथितार्थ असा की आम्ही काळजी घेतो, पण तुम्हीही जरा बघा. मुलं दोन फेऱ्या मारून आली तरी मी शिडी चुकू नये म्हणून काठाचं गवत धरून उभा होतो.

अण्णा मात्र पंचा नेसून, "गंगे च यमुने चैव" म्हणत, पिवळी नूडल काखेत घालून निघाले ते दिसेनासेच झाले. आम्ही पुलापाशी धावलो तर हे वाटेत आडव्या पडलेल्या खोडाला टेकून त्या चावीवाल्या गृहस्थांशी गप्पा मारतायत. अण्णांचं इंग्रजी तलाठी कचेरीतलं, त्यांचं क्वीन्सलंडचं. तरी विषय एकच असल्यामुळे भागत होतं : पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

"हे गृहस्थ म्हणतायत," अण्णा मला बघताच ओरडले, "कॅथरीनच्या पुढे डग्लस म्हणून झरे आहेत. तिथे काही ठिकाणी पाणी साठ डिग्री असतं! थंड प्रवाह मिसळतो तिथे बसायचं, नाहीतर भाजतं."

"भाजतं" म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. शेवटचा रस्ता कच्चा आहे, कॅराव्हॅन पुन्हा जोडावी लागेल, आणि जोडायची म्हणजे आधी गाडी मागे घ्यावी लागेल, हे सगळं मी सांगून पाहिलं.

"ते हे करतील," अण्णांनी आपल्या मित्राकडे बोट दाखवलं. "तू फक्त एक विचार त्यांना. तिथे साबण चालतो का?"