गायरान ठरावाने विकता येत नाही: एक खुलासा

'सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव आहे, तेव्हा ठराव झाला की गायरान कंपनीला विकता येतं,' असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे.

गायरान सरकारी मालकीचं असतं; गुरांच्या चराईसाठी ते राखून ठेवलेलं असतं आणि ग्रामपंचायत ते फक्त सांभाळते. राखणदाराला शेत विकता येईल का? ग्रामसभेने हात वर केले म्हणून मालकी बदलत नाही.

पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावरच्या अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाचा 12 जुलै 2011 चा निर्णय आला: गायरान कोणत्याही व्यक्तीला वा खासगी संस्थेला देऊ नये. सरकारच्या सार्वजनिक कामासाठी, दुसरी जमीन नसेल तरच विचार व्हावा.

मात्र 'गायरानावरचं प्रत्येक घर पाडणार' हा उलटा मेसेजही पसरवू नका. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेले पट्टे आणि आधीपासूनची शाळा-दवाखाने यांचा अपवाद त्याच निकालात आहे. बहुतेक मेसेजांत तेवढाच भाग गाळलेला दिसतो.