"नुसतं लिंबूसत्व आहे" म्हणणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

तुमची कॉमेंट परवा रात्री वाचली. आधी राग आला, मग मिस्टरांना वाचून दाखवली तर ते म्हणले ह्यातलं निम्मं मीच तुला सांगत होतो की. म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की बोअरच्या पाण्यानं बादल्या, नळ, टाइल्स ह्यांच्यावर जे पांढरं बसतं ते काढायची पावडर हा घरून सुरू करण्यासारखा धंदा आहे, आणि तो दुकानदाराला, बँकेला, गटातल्या बायकांना पाच मिनिटांत कसा पटवून द्यायचा. त्यावर जालन्याच्या काकांनी (22 वर्षं साबण-पावडरची एजन्सी केलीय त्यांनी, म्हणजे उगं कुणीतरी बोलायलंय असं नाही) लिहिलंय की ताई, हे नुसतं लिंबूसत्व आहे, किराणा दुकानात सुटं मिळतं, ॲसिडची बाटली ह्याच्यापेक्षा स्वस्त पडते आणि कामही फास्ट करते, दहाच्या पुडीत निम्मा नफा हे वाचून हसू आलं, पिच-बिच (म्हणजे धंदा असा पाच मिनिटांत पटवून देणं) हे शहरातले चोचले आहेत आणि पोरीबाळींना सबसिडीच्या नादी लावू नका.

आधी नफ्याचं बोलते, कारण तिथं मी सपशेल चुकले.

मी लिहिलं होतं 50 ग्रॅमची पुडी 10 रुपयाला, माल 5 रुपयाचा, म्हणजे 5 रुपये सुटले. तुमची कॉमेंट वाचल्यावर वही काढून बसले. मी किलोला 100 रुपयांनी पावडर घेतलेली, तर माल 5 रुपये बरोबर, पण पाऊच छपाईसकट 90 पैसे, भरणं आणि सील करणं 40 पैसे, खोकं आणि टेम्पो 60 पैसे, झाले 6 रुपये 90. दुकानदार 20 टक्के सोडल्याशिवाय ठेवून घेत नाही म्हणजे त्याला पुडी 8 ला. मधे एजन्सीवाले आले, त्यांनी 8 टक्के धरले तर माझ्या हातात 7 रुपये 36. म्हणजे पुडीमागं सेहेचाळीस पैसे! आणि वरून दुकानदार म्हणणार बारावर एक फ्री द्या. तेरा पुड्यांचा खर्च 89 रुपये 70, हातात येणार 88 रुपये 32. म्हणजे जितका माल जास्त खपेल तितका खड्डा मोठा. हे मी कुणाला तरी "चांगला धंदा आहे" म्हणून सांगितलं, वाईट वाटतंय खरंच. आतापर्यंत मी गल्लीत आणि नात्यात हातोहात विकत होते, मधे कुणीच नव्हतं, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.

75 ग्रॅमची पुडी 20 रुपयाला धरली तर खर्च 9 रुपये 80 येतो, दुकानदार आणि एजन्सी दोघांचं देऊन हातात 14 रुपये 72, म्हणजे बारावर एक दिली तरी पुडीमागं पावणेचार रुपये राहतात. श्रीमंत नाही होणार पण धंदा म्हणता येईल. आता 20 रुपये कोण देणार हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, त्याच्यावर येते.

"नुसतं लिंबूसत्व आहे." हो काका, आहेच. मी लपवलं कुठं, पाकिटावर छापलंय, सायट्रिक ॲसिड म्हणून. पण तुम्हीच सांगा, किराणा दुकानात जाऊन लिंबूसत्व आणून बादली घासणारी बाई तुमच्या घराजवळ किती? लोक ते पाकात टाकायला आणतात, दहा-वीस ग्रॅम. किती घ्यायचं, कशात कालवायचं, किती वेळ ठेवायचं हे कुणाला माहीत नसतं. माझ्या सासूबाईंनी एकदा उकळत्या पाण्यात कालवलं, म्हणले गरम जास्त काम करतं, तर तळाला पुन्हा पांढरंच साचलं, कारण ते जे कॅल्शियम सायट्रेट तयार होतं ते गरम पाण्यात कमी विरघळतं. कोमट पाणी पाहिजे, निम्मा तांब्या, फडक्यानं लावायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि मग घासायचं. साबणाच्या पावडरीनं जन्मभर घासलं तरी निघत नाही, उलट साबण ह्या जड पाण्यात फाटतो आणि त्याचा मळ अजून वर बसतो. पुडीत मी विकतेय ते हे माप. एक पुडी, एक बादली आणि एक मग.

नीळ आधीपासून होतीच की. पावडर असायची, नीट विरघळली नाही की पांढऱ्या सदऱ्यावर निळे ठिपके. केरळात त्रिशूरला एम. पी. रामचंद्रन ह्यांनी 1983 ला पाच हजार रुपयांवर ज्योती लॅबोरेटरीज काढली आणि उजाला म्हणून पातळ नीळ आणली. कपडे पांढरे करायचा शोध काही त्यांनी लावला नव्हता. मी उजाला होणार असं म्हणत नाही हो, पण "हे तर आधीपासून आहे" एवढ्यावर धंदा मोडीत काढता येत नाही, इतकंच.

आता ॲसिडची बाटली. फास्ट आहे, स्वस्त आहे, मान्य. पण त्यानं स्टीलचा नळ काळा पडतो, टाइल्सच्या मधलं सिमेंट जातं, आणि बंद मोरीत वाफ नाकात बसते. वरून कुणी आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवलेली असली तर क्लोरीन वायू तयार होतो, ही गंमत नाही. (लिंबूसत्वसुद्धा ब्लीचिंगमधे मिसळायचं नाही, तेही पाकिटावर लिहिलंय, मोठ्या अक्षरात.) तसंही सुप्रीम कोर्टानं 2013 ला ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली, तरी गाड्यावर ते मिळतंय, तो वेगळा विषय.

पण माझी पावडर एकदम सेफ आहे असं जे मी लिहिलं होतं तेही अर्धवट होतं, आणि हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. औशाला एका बाईंच्या घरी दाखवायला गेले होते. बादलीचं काम झकास झालं, दहा-बारा बायका जमलेल्या, एक म्हणाली "बघ की गं, नवीन दिसायलीय." तेवढ्यात बादली उचलताना थोडं पाणी खाली सांडलं, आणि खाली शहाबादी फरशी. फसफस आवाज आला. मी पटकन फडक्यानं पुसलं, तांब्याभर पाणी ओतलं, पण वाळल्यावर तळहाताएवढा पांढरट डाग, हात फिरवला तर खरखरीत. शहाबादी म्हणजे चुन्याचाच दगड, आणि बादलीवर बसतो तोही चुनाच, पावडरीला दोन्ही सारखेच. कडप्प्याचंही तेच. घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला, पण एकही पुडी गेली नाही त्या दिवशी. आता मी दाखवायला जाते तेव्हा खाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवते, आणि "शहाबादी, कडप्पा, संगमरवरी आणि जर्मनच्या भांड्यांवर वापरू नका" हे सगळ्यात आधी तोंडानं सांगते. आपल्याकडं निम्म्या घरांत शहाबादी आहे, तर हे न सांगून कसं चालेल.

आणि हेच माझं पिच आहे काका. तुम्हाला वाटलं लॅपटॉप, स्लाइडी, सूटबूट. एका मेळाव्यात मीही स्लाइडी करून गेले होते, भाच्यानं करून दिलेल्या, बाजारपेठ किती कोटींची वगैरे. परीक्षक मोबाईल बघायलेले. मग मी पिशवीतून हीटरचा रॉड काढला, आमच्याच घरचा, आठ महिन्यांचं पांढरं चढलेलं. अर्धा रॉड तांब्यात बुडवला आणि म्हटलं आता मी बोलत नाही, तुम्ही बघा. वीस मिनिटं दुसऱ्याचं चालू राहिलं, नंतर काढला तर बुडालेला भाग बराच मोकळा झालेला आणि वरचा तसाच. एकानं विचारलं, "कितीला?" एवढंच विचारलं, पण विचारलं ना! 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी बोअर झाली, तेव्हापासून असला रॉड घरोघरी आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत बरा आणि दुसरं पाणीच नसलं तर 600 पर्यंत चालवून घ्या असं आहे, आमची बोअर तपासून आणली तर 740. हा आकडा दुकानदाराला सांगितला तर तो जांभई देतो. रॉड दाखवला की स्वतःच्या घरचा आठवतो त्याला. म्हणून 20 रुपये कोण देणार ह्याचं उत्तर माझ्याकडं एवढंच आहे, ज्यानं अर्धा रॉड बघितला तो देतो. न बघितलेला नाही देत, तिथं तुमचं बरोबर.

सबसिडीचं पटकन सांगते. पीएमईजीपीत (नवा धंदा काढायला केंद्र सरकारची कर्ज-सबसिडीची योजना) ग्रामीण भागातल्या बाईला 35 टक्के सबसिडी आहे आणि स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, पण ते पैसे हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत अडकून राहतात, म्हणजे "खाऊन पळायचं" म्हटलं तरी पळता येत नाही. मी ते घेतलंच नाही. मुद्रा योजनेचं शिशु कर्ज घेतलं, 50 हजाराच्या आतलं. त्यातून सीलिंग मशीन, वजनकाटा आणि पहिली पोती आली. वजनाचं, एमआरपीचं, पत्त्याचं जे छापावं लागतं ते छापून घेतलंय, तुम्ही त्याबद्दल टोमणा मारला होता म्हणून सांगतेय.

मोठी कंपनी उद्या हेच काढेल म्हणता. काढेल. त्यांचा माणूस औशाला ट्रे घेऊन बसेपर्यंत तरी माझं चालेल, पुढचं पुढं.

जुन्या लेखातला 10 रुपयांचा हिशोब आज काढून टाकते आणि वरचा टाकते. पण काका, एक विचारायचं राहिलं. मी बारावर एक फ्री धरलीय, इथला एक दुकानदार म्हणतो फ्री नको, त्यापेक्षा महिनाभर उधार द्या, आणि दुसरा म्हणतो परत घ्यायची हमी द्या मग रोखीनं घेतो. तुम्ही एजन्सीत असताना नवीन मालाला ह्यातलं काय करायचात?