कार्ड खुपसलं की डिस्क वाढली? एवढं सोपं नाही

जळगाव-धुळ्याकडे जुनी यंत्रं जमवणाऱ्यांत डेक (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीच्या पीडीपी-११ या जुन्या संगणकाबद्दल एक मजकूर फिरतोय: 'पीडीपी-११ ला बाहेरच्या कंपनीचा स्कझी कंट्रोलर घ्या. कोणत्याही रिकाम्या स्लॉटमध्ये बसवा, हवी तेवढी मोठी डिस्क लावा. यंत्राला फरक कळत नाही, जुनी डिस्कही तशीच चालते.'

कंट्रोलर (स्कझी डिस्क यंत्राला जोडणारं कार्ड) घ्या, हे बरोबर. एम्युलेक्सचं यूसी०७ किंवा सीएमडीचं सीक्यूडी-२२० एमएससीपी, म्हणजे डेकची डिस्कशी बोलायची भाषा, बोलतं, त्यामुळे आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टिमचा डीयू हा डिस्क-ड्रायव्हर त्याला डेकचंच कार्ड समजतो. पुढचं मात्र अर्धवट आहे.

कोणताही रिकामा स्लॉट? क्यू-बसवर (कार्डं जोडणाऱ्या मार्गावर) इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) आणि डीएमएची (डेटा थेट मेमरीत नेण्याची) परवानगी प्रोसेसरपासून निघून कार्डाकार्डातून पुढे जाते. पंगतीत एक पाट रिकामा राहिला म्हणून वाढप्याने तिथूनच परत फिरावं, तसं इथे होतं: मधली जागा मोकळी असली की पुढच्या कार्डांपर्यंत काही पोचत नाही. बीए२३ या डेकच्या खोक्यात पहिल्या तीन स्लॉटांत क्यू-बस फक्त अर्ध्या भागात असते, चौथ्यापासून ती दोन्ही अर्ध्या भागांतून नागमोडी जाते. फट राहिलीच तर एम९०४७ ग्रँट कार्ड (परवानगी नुसती पुढे नेणारं) घाला.

बूट करायची घाई नको. ११/७३ (पीडीपी-११ चं एक मॉडेल) वर यंत्र थांबवून @ आलं की कार्डाचा पत्ता, १७७७२१५०/, टाइप करा. ? आलं तर कार्डाचा पत्ता चुकलाय किंवा कार्ड नीट बसलेलं नाही. आकडा आला, पण बूट करताना यंत्र गप्प पडलं, तर आधी साखळी तपासा. पत्ता वाचायला परवानगी लागत नाही, डीएमएला लागते.

हवी तेवढी मोठी डिस्क? आरटी-११ ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांत ठेवतं. म्हणजे ५१२ बाइटचे ६५,५३५ ब्लॉक, ३२ एमबी. त्यापुढची जागा भाग पाडूनच मिळते: सेट डीयू१: युनिट=०, पार्ट=१ (पहिल्याच डिस्कचा दुसरा भाग डीयू१ नावाने), मग तो भाग इनिशियलाइज, म्हणजे पुसून नवी डिरेक्टरी. पार्ट सांगताना चूक होऊन डीयू१ ही पार्ट ० वरच नेमला गेला, तर इनिशियलाइज करताच डीयू०, म्हणजे पहिला भाग, साफ.

फरक कळत नाही? हे सगळ्यात घातक. स्वस्तात मिळणारी जुनी कार्डं कित्येकदा १८ बिटांचाच पत्ता देतात, म्हणजे २५६ केबीपर्यंत. यंत्रात १ एमबी मेमरी असेल आणि बफर (डेटा उतरवायची जागा) त्या रेषेच्या वर असेल, तर वरचे चार बिट शून्य धरले जातात आणि डेटा खालच्या मेमरीत जाऊन पडतो. साध्या आरटी-११ वर सगळं सुरळीत दिसतं, कारण ते खालच्या ५६ केबीतच वावरतं. आरएसएक्स-११एम-प्लस ही वरची मेमरीही वापरणारी सिस्टिम चढवली की फाइली सडायला लागतात आणि दोष बिचाऱ्या डिस्कवर येतो. विकत घेण्याआधी विचारा: २२ बिट आहे का?

जुनी डिस्क तशीच? डेकच्या जुन्या आरडी५१ डिस्कला ३४ आणि २० पिनांच्या दोन केबल, स्कझीला ५० पिनांची एक. जुळणारच नाही. जुना कंट्रोलर १७७७२१५० वरच ठेवा, नवा १७७६०३३४ वर. सेट डीयू ने सीएसआर२ (दुसऱ्या कंट्रोलरचा पत्ता) आणि मोकळा व्हेक्टर (त्याच्या इंटरप्टचा पत्ता) द्या, नव्या डिस्कला पोर्ट=१ (दुसरा कंट्रोलर). मग फाइली कॉपी करा, शेवटी कॉपी/बूट, म्हणजे नव्या डिस्कवरून यंत्र सुरू होईल. कॉपी/डिव्हाइस (अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवणं) टाळा: जुन्या १० एमबीची डिरेक्टरी तशीच उतरते, उरलेली जागा वाया.

आरडी५१ ची हेड्स स्टेपर मोटरवर चालतात, तापमान बदललं की ट्रॅकवरून किंचित सरकतात. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी अडलेले ब्लॉक पहाटे पुन्हा वाचून बघा.