स्क्रू पडला टाकीत

आमच्या यवतमाळकडे पारा ४३ च्या पुढे सरकला की घरचे सगळे कूलरकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे कूलर, मोटरपंप, मिक्सर आणि शेजारच्यांची शिलाई मशीन ही माझी नैतिक जबाबदारी आहे, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं आहे.

ताट्या बदलणं सोपं. पंपाची वायर जोडणंही जमतं. कसोटी लागते ती पंख्याची मोटर बसवताना. तिचे स्क्रू अशा कोपऱ्यात असतात की तिथे हात पोचला तर नजर पोचत नाही आणि नजर पोचली तर घाम पोचतो. पेचकसाच्या टोकावर स्क्रू ठेवायचा, श्वास रोखायचा, हळूच आत न्यायचा. तेवढ्यात घरातून कोणीतरी विचारतं, "झालं का?" आणि टाकीत डुबुक.

यावर उपाय म्हणजे पेचकसालाच चुंबक करणं. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक घ्यायचं आणि पेचकसावरून एकाच दिशेनं ओढत न्यायचं. टोकाशी उचलायचं, हवेतून परत आणायचं, पुन्हा ओढायचं. घासतच मागे आणलं तर पुढे कमावलेलं बरंचसं पुसलं जातं. हे मी मुलाला समजावत होतो तोवर शेजारचे आबाजी येऊन खाटेवर बसले.

"सर, अजून घासा. जेवढं घासान तेवढा जोर येते."

नाही येत. पण आबाजींना नाही म्हणायचं तर लोखंडाच्या पोटात शिरावं लागतं. पिएर वाइस नावाच्या शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये मांडलं की साध्या लोखंडातसुद्धा छोटे छोटे भाग आधीच पूर्ण चुंबक झालेले असतात. त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, म्हणून बाहेर बेरीज शून्य. अगदी आमच्या गावासारखं. प्रत्येक गटात आपसात घट्ट एकी, पण एक गट पूर्वेला पाहतो, दुसरा पश्चिमेला, आणि नालीचं काम जिथल्या तिथे. निवडणुकीत एखादा वजनदार उमेदवार उतरला की त्याच्या बाजूचा गट फुगत जातो आणि शेजारच्या गटाची माणसं गिळतो. उरलेले अडेलतट्टू शेवटी मान वळवतात. सगळं गाव एका बाजूला आलं की मग सभा कितीही घ्या, गर्दी वाढत नाही. माणसंच संपली!

लोखंडात अणू किती आणि एकेका अणूचं चुंबकत्व किती, हे ठरलेलं. सगळे एका दिशेला लागले की संपृक्तता आली. शुद्ध लोखंडाची ही कमाल सुमारे २.१५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक). पेचकस तर तिथवर पोचतही नाही, कारण स्पीकरचं चुंबकच फेराइटचं, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनवलेलं, आणि त्याची स्वतःची कमाल लोखंडाच्या चौथाईहूनही कमी. तरी ते कायमचं चुंबक राहतं, कारण ते हट्टी आहे. एकदा वळलं की सहजी परतत नाही. कूलरच्या मोटरमधल्या पत्र्यांचं उलटं. वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, तेवढ्या वेळा त्यांना तोंड फिरवावं लागतं. तिथे हट्टी पोलाद घातलं तर मोटर तापूनच जाईल.

"पण उन्हानं चुंबक मरते म्हनतात," आबाजी.

मरतं, पण लोखंडाला त्यासाठी ७७० अंश सेल्सिअस लागतात. विदर्भाचा उन्हाळा कितीही जहाल असला तरी तिथवर अजून गेलेला नाही. आमच्या घरी पेचकसाचं चुंबकत्व मारण्याची सोय वेगळी आहे. हनुमान जयंतीला आईनं त्याच पेचकसावर बत्ता ठोकून नारळ फोडला होता. दणक्यांनी डोमेन पुन्हा विस्कटतात. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग नारळ काय तुझ्या डोक्शावर फोडू?" भौतिकशास्त्राला याचं उत्तर नाही.

मुलानं शेवटी शक्कल काढली: स्पीकरचं चुंबकच सुतळीला बांधून टाकीत सोडायचं. सोडलं. ते तडक टाकीच्या पत्र्याला जाऊन चिकटलं. टाकी लोखंडाचीच ना! ओढून काढलं तर दुसऱ्या बाजूला चिकटलं. मग ते तळावरून खरवडत फिरवलं आणि वर आलं काय? गेल्या कित्येक उन्हाळ्यांचे गंजलेले स्क्रू, एक ब्लाउजचा हूक, आणि जिच्यावरून दिवाळीत घरात अबोला झाला होता ती गोधडी शिवायची सुई. आजचा स्क्रू तेवढा नाही.

बायको आली, बाही वर सारली, गढूळ पाण्यात हात घातला आणि स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला. पिवळा. मागच्या वर्षीच्या मिस्त्रीनं पितळेचा लावून दिला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात हे डोमेनचं राजकारणच नाही. त्याला चुंबक जन्मात ओढणार नाही, हे मी आबाजींना नीट समजावून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मंग त्याच्यासाठी अजून घासा लागन."