नावं कापू नका रे

आज डोकं फिरलंय. दुपारी यूट्यूबवर दूरदर्शनची एक जुनी टेलिफिल्म सापडली, कुठली ते सांगत नाही, उगाच त्या चॅनेलवाल्याची जाहिरात कशाला. मूळचं चौकोनी चित्र ताणून रुंद केलंय, त्यामुळे सगळी माणसं बुटकी आणि गालफुगी, कोपऱ्यात त्याचा भलामोठा लोगो, आणि कहर म्हणजे शेवटचा सीन संपला की कट! नावं गायब. थेट 'सबस्क्राइब करा'.

तुम्ही म्हणाल नावं कोण वाचतं. माझी मावशी अशाच एका टेलिफिल्ममध्ये नर्स होती. "डॉक्टर राउंडला गेलेत" आणि "बाहेर थांबा", बास, एवढंच काम. आमच्याकडे तेव्हा व्हीसीआर नव्हता, फिल्म परत कधी लागलीच नाही, त्यामुळे बघितलं ते बघितलं. शेवटी तिचं नाव सरकत वर गेलं तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला त्यात पुढची नावं कुणी वाचलीच नाहीत.

थिएटरच्या पिक्चरच्या निदान चार प्रिंटा तरी कुठेतरी पडलेल्या असतात. टीव्हीच्या कार्यक्रमाची मास्टर टेप एखादीच, ती महाग, म्हणून पुसून तिच्यावरच दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचे. बीबीसीनेही हेच केलंय, तेव्हा फक्त आपल्यालाच शिव्या घालण्यात अर्थ नाही, ठीक आहे. वाचलेल्या टेपाही दमट हवेत चिकट होतात, मग त्या मंद आचेवर तासन्‌तास भाजून कशाबशा चालवायच्या आणि तेवढ्यात कॉपी काढून घ्यायची. फिल्मच्या रिळावर शूट केलेलं असेल तर नव्याने स्कॅन तरी करता येतं, व्हिडिओ टेपवरचं चित्र ५७६ आडव्या ओळींचं, ते तेवढंच स्पष्ट राहणार.

मोठ्यांचं निभावतं हो. सत्यजित रायांची 'सद्गती' (१९८१) आहे, ओम पुरी, स्मिता, आपले आगाशे, आजही बघा, अंगावर येते. 'तमस' ही मालिका आहे. पण अरुंधती रॉयने लिहिलेली ती १९८९ची कॉलेजवाली इंग्रजी फिल्म, दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही रात्री उशिरा एकदा दाखवली आणि मग कित्येक वर्षं पोरापोरांत फिरणाऱ्या मरतुकड्या कॅसेटींवर जगली. त्यात शाहरुख चिमुकल्या रोलमध्ये आहे म्हणून लोक शोधतात तरी. माझ्या मावशीला कोण शोधणार?

बऱ्याचशा टेलिफिल्मा रटाळ होत्या, मान्य. भगभगीत लाइट, आणि दुःख झालं की सतार. पण मला आता त्याच बघाव्याशा वाटतात, कारण त्यात माणसं बोलता बोलता गप्प होतात आणि कॅमेरा घाई करत नाही.

एवढं लिहून जरा शांत झाले. त्या चॅनेलवाल्यालाही कमेंट केलीये, की बाबा रे, तू टाकलीस म्हणून निदान बघायला तरी मिळाली, ज्यांचं काम होतं त्यांनी काय दिवे लावले ते दिसतंयच. लोगो ठेव तुझा. फक्त चित्र ताणू नको आणि नावं परत जोड. त्याने हात जोडल्याचा इमोजी टाकलाय, आता याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि मंडळी, माळ्यावर घरी रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटी असतील तर फेकू नका. बुरशी आली असेल तर मशीनमध्येही घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. कॉपी करताना जाहिराती, निवेदिका, 'रुकावट के लिए खेद है', सगळं तसंच राहू द्या. जमत नसेल तर मला मेसेज करा, कुरियरचे पैसे मी देते.